कॅमेरा खाली आणला, तरी भीती का वाटत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघा मित्रांनी गोडो या गेम बनवायच्या इंजिनात पंधरा मिनिटांचा हॉरर गेम करायला घेतला आहे. जागा गिरगावातली तळमजला अधिक तीन मजल्यांची लाकडी चाळ. साल १९९४, जुलैतली रात्र, वीज गेलेली. खेळणारा सहा वर्षांचा मुलगा, नुकताच दुसरीत गेलेला. बाबा रात्रपाळीला, आई आत्याजवळ इस्पितळात, घरात फक्त कानाने कमी ऐकणारी आजी, आणि माळ्यावर बागुलबुवा. कॅमेरा एक मीटरवर आणला, खोली काळोखी केली, माळ्यावरून दोनदा चेहरा बाहेर काढला. तरी खेळून बघणारे म्हणतात, "बुटक्या माणसाचा गेम वाटतो." आता राक्षसाचं मॉडेल बदलायचं का, असं तुम्ही विचारताय.

मॉडेल बदलू नका, काढूनच टाका. तुम्ही मुलाच्या डोळ्यांची उंची बदललीत, पण त्याची समज मोठ्या माणसाचीच ठेवलीत. काळोखात राक्षस आहे हे मुलाला कळतं, खेळणाऱ्यालाही तेवढंच कळतं. मग तिथे मूल कशाला हवं? मुलाच्या नजरेतली भीती फरकावर चालते. जे घडतंय ते मुलाला दिसतं पण उलगडत नाही. खेळणाऱ्याला ते हळूहळू उलगडत जातं आणि मुलाला सांगायची काही सोय नसते. २०१४ साली आलेल्या 'अमंग द स्लीप' या नॉर्वेच्या गेममध्ये खेळणारं मूल दोन वर्षांचं आहे, आणि त्यातला राक्षस अखेर आईच्या दारूशी जाऊन भिडतो. लोकांच्या लक्षात रांगणारा कॅमेरा राहतो, पण खरं काम त्या दुसऱ्या गोष्टीने केलेलं आहे.

आधी कॅमेऱ्याचं उरकून घेऊ. सहा वर्षांचं मूल साधारण ११० ते ११५ सेंटीमीटर उंच असतं आणि डोळे त्याच्या दहाएक सेंटीमीटर खाली. म्हणजे तुमचा एक मीटर ठीक आहे. गडबड कोनात आहे. गोडोच्या कॅमेऱ्याचा मूळ कोन ७५ अंश असतो आणि तो उभा मोजलेला असतो. १६:९ च्या पडद्यावर त्याचा आडवा कोन सुमारे १०७ अंश होतो. एवढ्या रुंद कोनात दहा बाय बाराची खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसते आणि एकाच नजरेत सगळे कोपरे सापडतात. उभा कोन ६० करा, म्हणजे आडवा ९१ च्या आसपास येईल. मग माळा बघायला मान वर करावी लागते, आणि मान वर केली की पायाजवळचं दिसत नाही. तुम्हाला हवंय ते हेच. अरुंद कोनाने काहींना गरगरतं, म्हणून सेटिंगमध्ये ६० ते ७५ ची पट्टी द्या.

चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटर आणि पळण्याचा २.४ ठेवा. मोठ्या माणसाला १.४ धरतात, आणि तयार कंट्रोलरमध्ये बहुतेक वेळा त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. टक्करीची कॅप्सूल, म्हणजे भिंतीला-वस्तूंना अडणारं मुलाभोवतीचं अदृश्य कवच, १.१२ मीटर उंच आणि ०.२ त्रिज्येची. गोडोच्या कॅरेक्टरबॉडीला, म्हणजे पात्र चालवणाऱ्या घटकाला, पायऱ्या आपसूक चढता येत नाहीत. जिन्यावर अदृश्य उतार टाका आणि प्रत्येक पायरीला कॅमेऱ्याचा छोटा हिसका वेगळा द्या. चाळीतल्या पायरीची उंची १८ ते २० सेंटीमीटर, त्या पायांना ती मोठीच असते. वेग ०.६ वर आणा आणि उतरताना एक हात कठड्याला टेकलेला दाखवा.

खोली मात्र मोठी करू नका. 'मुलाला सगळं मोठं दिसतं' म्हणून मॉडेल दीडपट करण्याची चूक सर्रास होते, आणि मग माणसाच्या घराऐवजी सिनेमाचा सेट दिसतो. मापं खरीच ठेवा. ओटा ८० ते ८५ सेंटीमीटर, म्हणजे त्याचा वरचा भाग मुलाला जेमतेम तिरका दिसेल. स्वयंपाकाची मांडणी, टेबल, फळ्या यांचे तळ मॉडेल करावे लागतील, कारण तो त्या खालूनच बघतो. तयार घेतलेल्या मॉडेलांना बऱ्याचदा खालची बाजूच नसते आणि फळीतून आरपार छत दिसतं. खिळ्यावरचा आरसा मोठ्यांच्या उंचीवर टांगा. त्यात मुलाला स्वतःचा चेहरा कधीच दिसणार नाही, छत आणि माळ्याची कडा दिसेल. जमिनीचं टेक्स्चर, म्हणजे तिच्यावर चिकटवलेलं चित्र, दर मीटरला किमान १०२४ पिक्सेल हवं, कारण निम्मा वेळ पडदाभर तीच असते.

आता हात. उंचीपेक्षा हातांतून लहानपण जास्त पोचतं. सहा वर्षांच्या मुलाचा हात वर केल्यावर साधारण १.३५ मीटरपर्यंत पोचतो. दाराची वरची कडी १.८ मीटरवर आहे. घरातलं लाकडी स्टूल ४५ सेंटीमीटरचं. बेरीज करा: १.८०. बोटांची टोकं कडीला लागतात, पकड बसत नाही. कडी काढायला दोन्ही हात हवेत, म्हणजे बॅटरी खाली ठेवावी लागेल. हा प्रसंग नीट बांधा, कारण गेमचा मध्य इथेच आहे. मूल स्टूल ओढतं, त्याचे पाय फरशीवर खरवडतात. बॅटरी दाराकडे तोंड करून जमिनीवर ठेवतं. उजेड आता फरशीला चिकटून जातोय, पिंपाची सावली छतापर्यंत गेली आहे, आणि वर कडीजवळ काही दिसत नाही. बटण दाबून धरलं की कडी एकेक सेंटीमीटर सरकते, सोडलं की अडते. पाच सेकंद पाठ खोलीकडे. त्या पाच सेकंदांत मागे काहीही घडवू नका. पहिल्यांदा तरी नाही.

तांत्रिक बाब एवढीच. जमिनीवर ठेवलेल्या बॅटरीचा स्पॉटलाइट खऱ्या उंचीवर, म्हणजे तीन-चार सेंटीमीटरवर ठेवला, तर फरशीवर पट्टे उमटतात आणि सावल्या फाटतात. बॅटरी जिथे दिसते तिथेच राहू द्या, दिवा मात्र आठ-दहा सेंटीमीटरवर टांगा. कोणाच्या लक्षात येत नाही. कोन २५ ते २८ अंश, पल्ला सहा मीटर. सावली पाडणारा हलता दिवा अख्ख्या गेममध्ये हा एकच असू द्या, जुने लॅपटॉप तेवढंच पेलतात.

आता मुख्य मुद्दा, बागुलबुवा. माळ्यावर कोणी नाही असं धरा. मग माळ्यावरून येणारा आवाज कसला? जुलै आहे, चाळ लाकडी आहे, छपरावर निळी ताडपत्री आहे, आणि गॅलरीत खांबाला लावलेले टेकू आहेत. मुंबईत १९४० च्या आधीच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती 'अ' वर्गात मोडतात, आणि पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींच्या याद्या निघतात हे इथल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. करकरतंय ते लाकूड. माळ्यावरून पडतेय ती चुन्याची माती. इमारत बसतेय. मुलाला वाटतंय बागुलबुवा कूस बदलतोय, कारण आईने जाताना सांगितलंय, "संडास सोडून कशालाही दार उघडून बाहेर गेलास तर बागुलबुवा धरेल." जीव वाचवायचा तर बाहेर पडायला हवं, आणि शहाणं मूल म्हणून वागायचं तर आत थांबायला हवं. तुमच्या मॉडेलच्या चेहऱ्यात ही ताकद कधीच येणार नाही.

इमारत खचताना काय काय होतं ते बघा, म्हणजे प्रसंग आपोआप सुचतील. चौकट तिरकी होते आणि दार अडकतं. दुसऱ्या मिनिटाला सहज उघडलेलं मोरीचं दार दहाव्या मिनिटाला उघडत नाही. मुलाला वाटतं, पलीकडून कोणीतरी धरून ठेवलंय. भिंतीतली भेग रुंदावते, ती मुलाला झाडासारखी दिसते, आणि थोड्या वेळाने झाडाला नवी फांदी फुटलेली असते. पोपडे पडतात. आजीच्या उशाशी पांढरी भुकटी जमते. जमीन कलते.

कलत्या जमिनीसाठी गोटी वापरा. सुरुवातीला मूल झोप येत नाही म्हणून फरशीवर गोटी सोडतं, ती हळूहळू मोरीकडे जाते. जुन्या घरात जमिनीला उतार असतोच, कोणाला त्यात काही वाटत नाही. सातव्या मिनिटाला तीच गोटी अंधारातून उलट्या दिशेने, दाराकडे, आपणहून घरंगळत येते आणि वेगही जास्त असतो. मूल समजतं की कोणीतरी गोटी परत पाठवली. काही खेळणाऱ्यांना इथे पहिल्यांदा संशय येतो. गोटी भौतिकीच्या इंजिनावर सोडू नका. सोळा मिलिमीटरचा गोळा त्या गणिताला झेपत नाही, कधी फरशीतून खाली जातो, कधी जागच्या जागी थरथरतो. आखलेल्या मार्गावर चालवा आणि अंतराच्या प्रमाणात फिरवा. घरंगळण्याचा आवाज जोडांवर 'टक' करायला विसरू नका, शहाबादी फरशीत दर दोन फुटांना सांधा असतो.

खोली मात्र खरोखर कलती करू नका. भिंती फिरवल्या की आधी भाजून ठेवलेला, म्हणजे आगाऊ मोजून पृष्ठभागांवर पक्का केलेला उजेड आणि टकरी दोन्ही बिघडतात. भिंती सरळ राहू द्या, लोंबणाऱ्या वस्तू तिरक्या करा. खुंटीवरचा शर्ट, कॅलेंडर, बल्बची वायर, देवघरासमोरची घंटा, सगळं एकाच दिशेला. पाचव्या मिनिटाला अर्धा अंश, बाराव्याला दोन. बादलीतल्या पाण्याची रेषाही तेवढीच. दोनच्या पुढे गेलात तर लक्षात येईल आणि मजा जाईल.

मोठ्यांची बोलणी हा दुसरा मोठा साठा, आणि मराठीत तो फुकट पडून आहे. मूल शब्दाला धरून चालतं. "आजोबा गेले" म्हणजे कुठे गेले? आले कसे नाहीत? "कावळा शिवला नाही" हे ऐकलेलं मूल कावळ्याची वाट बघत बसेल. सुरुवातीच्या तीन मिनिटांत वीज जाण्यापूर्वी लाकडी पडदीआडून शेजाऱ्यांचं बोलणं ऐकवा: "कधी खाली येईल सांगता येत नाही." "वरचा भाग आधी येणार." "आपण जायचं कुठे?" मुलाने ऐकलं की वरचा कोणीतरी खाली येणार आहे. मोठ्या माणसाने ऐकलं ते वेगळं. वाक्य एकच. अशी चार-पाच वाक्यं पुरेत, जास्त झाली तर कोडं लवकर सुटतं. बोलणाऱ्यांचे चेहरे दाखवू नका. मुलाला गॅलरीच्या उजेडात कमरेखालचं दिसतं: पायजमा, चपला, भिजलेला लुगड्याचा काठ. आवाज मात्र दीड मीटरवरून येऊ द्या.

भिंतीवरची नोटीस तुमच्या आराखड्यात आहे, पण मूल ती घडाघडा वाचतंय. नुकतंच दुसरीत गेलेलं मूल अक्षरं लावून वाचतं आणि जोडाक्षरापाशी अडखळतं. "इमारत अतिधोकादायक असल्याने तात्काळ रिकामी करण्यात यावी" यातलं 'ल्या', 'त्का', 'ण्या' त्याला लागणार नाही. ही तीन अक्षरं ओल आल्यासारखी पुसट करा, बाकीची ठसठशीत ठेवा, आणि मुलाच्या आवाजात 'इ… मा… र… त' एवढंच ऐकवा. 'अतिधोकादायक' त्याला वाचता येतं, अर्थ लागत नाही. 'रिकामी' कळतं, कारण आई त्याच्याकडून डबा रिकामा करून घेते. नोटिशीवर खऱ्या कार्यालयाचं नाव किंवा शिक्का घालू नका, नुसता जावक क्रमांक आणि गोल डाग पुरे.

ही पुसट अक्षरं लेबलमध्ये एकेक करून करायला जाल तर देवनागरी मोडेल, काना-मात्रा सुटे पडतील. पूर्ण मजकूर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून त्याचं चित्र करा, पुसटपणाचा मुखवटा दुसऱ्या चित्रात ठेवा आणि शेडरमध्ये, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसावा हे ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, शून्य ते एक असा घसरता आकडा द्या. बाकी सबटायटल्सना गोडो ४ चं स्वतःचं मजकुराचं यंत्र चालतं, ते जोडाक्षरं बरोबर बांधतं. युनिटी या दुसऱ्या इंजिनाच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या घटकात ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसतो, त्यामुळे या गेमसाठी तुमचं इंजिन बरोबर निवडलं गेलंय. फॉन्टला मुंबईच्याच 'एक टाइप'चा मुक्त परवान्याचा 'मुक्ता' घ्या. लेबलची भाषा मराठी अशी नोंदवा आणि निवडलेल्या फॉन्टमध्ये 'श' व 'ल' मराठी वळणाचे उमटतात का ते डोळ्यांनी तपासा. चाचणीसाठी 'दुसऱ्या', 'विळी', 'स्त्री', 'गोष्टी' एवढे शब्द टाकले की कळतं.

आवाजाला अर्धा वेळ द्या. तीन महिने असतील तर पाच आठवडे. मुलाच्या गेममध्ये डोळ्यांना कमी दिसतं, त्यामुळे कान ताणलेले असतात. चर्नी रोड जवळ असल्याने रात्री लोकल ऐकू येतात, आणि एकच्या सुमारास शेवटची गेली की चारच्या आसपासपर्यंत रूळ गप्प. गेम पावणेएकला सुरू करा. पहिल्या तीन मिनिटांत दोन गाड्या जाऊ द्या, मूल प्रत्येक गाडीला "बाबा?" म्हणेल. तिसरी येत नाही. इथे कोणतंही संगीत नको, त्या न येण्याचाच आवाज पुरेसा आहे.

लाकडाच्या करकरीसाठी २७ मिलिमीटरची पिझो चकती, म्हणजे कंपनं पकडणारी चकती, घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते. ती जुन्या लाकडी जिन्याच्या खालच्या अंगाला चिकटपट्टीने घट्ट दाबून बसवा आणि वरून सावकाश वजन टाका. हवेतून घेतलेल्या ध्वनीत रस्त्यावरचा हॉर्न येतो, चकतीत फक्त लाकूड येतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, शिखर उणे बारा डेसिबलपर्यंत. दोन सप्तकं खाली आणलीत की फळीची करकर तुळईची होते. अशा बारा-चौदा करकरी जमवा आणि यादृच्छिक क्रमाने वाजवा, स्वर पाच टक्के इकडेतिकडे. तीन-चारच असतील तर खेळणारा दुसऱ्या फेरीत ओळखतो आणि भीती जाते. पावलांचंही तसंच: फरशीवर आठ, लाकडावर आठ, अनवाणी.

गळतीचे थेंब घड्याळासारखे वापरा. सुरुवातीला दर २.४ सेकंदांना एक, शेवटाकडे १.१. मूल थेंब मोजतं, वीसच्या पुढे चुकतं. वेग इतका हळू वाढवा की बदल ऐकू यायला नको, नुसता जिवाला लागायला हवा. थेंबाची बादली कुठे आहे हे अंधारातही कळलं पाहिजे. त्रिमितीय प्लेअर, म्हणजे आवाजाला जागा देणारा घटक, बादलीत ठेवा आणि त्याचा 'युनिट साइज', म्हणजे आवाज किती लांबवर जातो तो आकडा, मूळ १० वरून दोन-अडीचवर आणा. नाहीतर अख्ख्या चाळीत सारखाच ऐकू येतो. ही चूक तुमच्या डेमोतही असणार. माळ्याचा आवाज छातीवर बसल्यासारखा वाटतो असं लोक म्हणाले असतील, तर त्याचं कारण भीती नसून हा आकडा आहे.

लपण्यासाठी कपाट-बिपाट नको. मुलाकडे दोनच जागा असतात: गोधडी आणि मिटलेले डोळे. 'मला दिसत नाही म्हणजे त्यालाही मी दिसत नाही' हे त्या वयाचं तर्कशास्त्र आहे, ते बटणावर आणा. बटण धरलं की पाव सेकंदात पापण्या मिटतात. पडदा पूर्ण काळा करू नका, पापणीआडचा तांबूस काळोख ठेवा, नाहीतर खेळणाऱ्याला वाटतं गेम बंद पडला. डोळे मिटल्यावर बाहेरचे आवाज तीन डेसिबल वाढवा. गोधडीत उलट करा: सातशे हर्ट्झच्या वरचं सगळं गाळा आणि मुलाचा स्वतःचा श्वास पुढे आणा. पहिल्या दोन वेळी डोळे मिटून दहापर्यंत मोजलं की करकर खरंच थांबते. लाकूड थांबतच असतं अधूनमधून. तिसऱ्या वेळी थांबत नाही. का ते कुठेही लिहू नका.

दचकवण्याचे प्रसंग पंधरा मिनिटांत तीनच. माझ्या मते दोन बस. तुमच्या डेमोत चेहरा दीड मिनिटाच्या अंतराने दोनदा येतो, म्हणून दुसऱ्यांदा लोक हसतात. पहिला पाचव्या मिनिटाला आणि पूर्ण घरगुती: ओट्यावरून भांडं पडतं. दुसरा अकराव्याला: अर्ध्या माळ्यावरचा ट्रंका, गाद्या आणि चुन्याचा ढीग एकदम खाली येतो, आणि धुळीत क्षणभर गुंडाळलेली गादी बसलेल्या माणसासारखी दिसते. तेवढंच तुमच्या बागुलबुवाचं दर्शन. पहिली तीन मिनिटं संपूर्ण सुरक्षित ठेवा: वीज आहे, आजी पानाचा डबा उघडतेय, मुलाला स्विच, स्टूल, पिंप, मोरी सगळं उजेडात वापरून बघू द्या. जे उजेडात शिकलं तेच अंधारात वापरावं लागतं, त्यामुळे सूचनांचा एकही फलक लागत नाही.

जागा वाढवायचा मोह आवरा. एक खोली, मोरी, आणि संडासापर्यंतची तीस मीटरची गॅलरी. २०१४ च्याच 'पी.टी.' या छोट्या गेमने एक वळणाचा बोळ पुन्हापुन्हा चालायला लावून सगळं साधलं होतं. तुमची गॅलरी तीनदा चालायला लावा, दर वेळी दोनच गोष्टी बदला. पहिल्यांदा टेकू तीन, दुसऱ्यांदा तीनच पण एक वाकलेला, तिसऱ्यांदा शेजारच्या खोलीचं कुलूप काढलेलं आणि आत सामान नाही. शेजारी निघून गेलेत. मुलाला वाटतं बागुलबुवाने नेले.

अंधाराबद्दल एकच. पूर्ण काळं कुठेच नको. गॅलरीच्या जाळीतून रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळट पट्टा छतावर येऊ द्या. तो भाजून ठेवलेला उजेड असेल तर फुकट पडतो. वीज चाळीची गेली आहे, रस्त्याची नाही, एवढं मनाशी धरा. सुरुवातीला उजळपणा जुळवायची पट्टी द्या आणि तिच्यावर देवघराचं चित्र ठेवा: 'घंटा जेमतेम दिसेल इतकं कमी करा.'

मुलाच्या आवाजासाठी बाईचा आवाज चढवून वापरू नका, कार्टून होतं. खरं मूल घ्या, पण वाक्यं पंधराच्या आत ठेवा, एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं, पालक समोर. भीतीचा अभिनय करून घ्यायचा नाही. "थंड पाण्याने आंघोळ केलीस तर कसा श्वास घेशील?" असं विचारलं की हवा तो श्वास मिळतो. जोरजोरात श्वास सलग घ्यायला लावला तर मुलाला चक्कर येते, म्हणून चार-पाच श्वासांनंतर थांबा. मोबदला देऊन काम असेल तर बालकलाकारांचे नियम लागू होतात: दिवसाला पाच तासांच्या वर नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी.

शेवट तुमच्या आराखड्यात 'मूल जागं होतं, स्वप्न होतं' असा आहे. तो काढा. तेराव्या मिनिटाला मूल कडी काढतं, म्हणजे आईचं ऐकत नाही, आणि गॅलरीत ओरडतं. दारं उघडतात, बॅटऱ्या हलतात, पायच पाय जिन्याकडे जातात, कोणीतरी आजीला उचललंय हे तिच्या लोंबणाऱ्या पदरावरून कळतं. मूल अंगणात उभं राहून वर बघतं. इथे वेळ पहाटेपर्यंत पुढे न्या. इमारत पडताना दाखवू नका, ते तुमच्या दोघांच्या आवाक्यातलं कामही नाही. पहिली लोकल ऐकू येते, मूल "बाबा?" म्हणतं, पडदा बंद.

चाचणीला सहा माणसं पुरतात. त्यातली दोन गेम कधीच न खेळणारी असू द्या. तुम्ही मागे बसा, एक शब्दही बोलू नका, ती कुठे थांबली, कुठे वळून बघितलं याच्या वेळा लिहा. संपल्यावर एकच प्रश्न: "माळ्यावर काय होतं?" सहाही जण 'इमारत' म्हणाले तर इशारे जास्त झाले, एकही म्हणाला नाही तर कमी. तीन-चार जणांना अंगणात उतरेपर्यंत कळायला हवं. लहान मुलांवर चाचणी घेऊ नका, हा गेम मुलाचा आहे, मुलांसाठी नाही, आणि दुकानाच्या पानावरही ते स्पष्ट लिहा.

प्रकाशनाचं म्हणाल तर आधी इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या संकेतस्थळावर फुकट टाका. ब्राउझरमध्ये चालवायचा असेल तर लक्षात ठेवा की गोडो ४ वेबसाठी फक्त 'कम्पॅटिबिलिटी' रेंडरर, म्हणजे चित्र रंगवायची साधी पद्धत, देतो. त्यात दाट धुकं आणि भिंतीवर चिकटवायची डिकल्स चालत नाहीत. म्हणून भेगा आणि पोपडे सुरुवातीपासूनच टेक्स्चरमध्ये किंवा पातळ पत्र्यासारख्या मेशवर (त्रिमितीय आकारावर) करा, शेवटच्या आठवड्यात ते बदलणं म्हणजे डोकेदुखी. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाला दर गेममागे शंभर डॉलर भरावे लागतात. तिथे दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो, म्हणजे तुमचा गेम पूर्ण खेळूनही पैसे परत मागता येतील. पंधरा मिनिटांच्या गेमला किंमत लावायचीच असेल, तर ती एवढी ठेवा की परत मागायचा कोणालाही कंटाळा यावा.